मिठाची देवघेव, साखरेची सावड

(रेडिओवर आम्ही मैत्रिणींनी मिळून केलेलं हे बोलणं. ज्यांचं ऐकायचं राहून गेलं त्यांच्यासाठी आणि गटात वाचून दाखवण्यासाठी इथे छापत आहोत.)

हातातलं काम थांबवू नका. भाजी निवडत असाल तर निवडा, वाती वळत असाल तर वळा. फक्त दोन चिमटी जवळ घेऊन बसा, एक मिठाची आणि एक साखरेची. आजचं सगळं बोलणं त्या दोन चिमटींवर आहे.

आधी गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एकीची लेक माहेरपणाला आली होती. तिचं बाळ सव्वा वर्षाचं. रात्री त्याला जुलाब सुरू झाले, पहाटेपर्यंत सात-आठ वेळा झाले. बाहेर पावसाची झड, ओढ्याला पाणी, दवाखाना पलीकडच्या गावात. घरात दोन म्हाताऱ्या. एक म्हणाली, "साखरेचं पाणी पाजा, लेकरात ताकद राहील. मीठ घालू नका, बाळाला सोसत नाही." दुसरी म्हणाली, "साखरेनं जुलाब वाढतात. नुसतं मिठाचं पाणी द्या." दोघी मायेनंच बोलत होत्या. पण त्यांचा वाद चालला होता तेवढ्या वेळात बाळ मलूल होत गेलं. रडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येईना.

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी पिशवीतून ओआरएसचं पाकीट काढलं, एक लिटर पाणी मोजून घेतलं, त्यात पावडर विरघळवली आणि चमच्या-चमच्यानं पाजायला बसल्या. दुपारपर्यंत बाळानं डोळे नीट उघडले, आईच्या पदराशी खेळू लागलं. संध्याकाळी ओढा उतरल्यावर त्याला दवाखान्यात दाखवलं.

नंतर आम्ही आशाताईंना विचारलं, "त्या पाकिटात असं काय होतं हो?" त्या म्हणाल्या, "मीठ आणि साखर. मुख्य तेवढंच. दोन्ही आजींचं निम्मं-निम्मं बरोबर होतं."

तो 'निम्मं-निम्मं' शब्द आमच्या डोक्यातून जाईना. मग आम्ही मुलांची विज्ञानाची पुस्तकं उघडली, शाळेतल्या बाईंना विचारलं आणि मीठ म्हणजे काय, साखर म्हणजे काय, हे मुळापासून समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

रांगोळीतला अणू

जगातली प्रत्येक वस्तू बारीक-बारीक कणांची बनलेली आहे. त्या कणांना अणू म्हणतात. एकाच जातीच्या अणूंची वस्तू म्हणजे मूलद्रव्य. लोखंड, तांबं, सोनं ही मूलद्रव्यं. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजनही मूलद्रव्य. वेगवेगळी मूलद्रव्यं ठरलेल्या प्रमाणात एकमेकांना जोडली गेली की होतं संयुग. पाणी, मीठ, साखर ही सगळी संयुगं.

पण अणू एकमेकांना जोडले जातात ते कशानं? डिंक नाही, दोरा नाही, मग त्यांना धरून कोण ठेवतं?

हे बघायचं तर अंगणात या आणि रांगोळीनं एकाबाहेर एक असे तीन गोल काढा. मधे हळदीकुंकवाचं बोट टेकवा. ते झालं अणूचं केंद्रक. आता मूठभर ज्वारीचे दाणे घ्या. ते म्हणजे इलेक्ट्रॉन, केंद्रकाभोवती असणारे अगदी हलके कण. अणू खरोखर असा सपाट नसतो, पण हिशेब कळायला ही रांगोळी पुरते.

दाणे ठेवायचा नियम असा. आतल्या गोलात दोनच दाणे मावतात. दुसऱ्या गोलात आठ. आपल्या आजच्या हिशेबापुरतं धरा की तिसऱ्या गोलातही आठ झाले की तो भरला. पुस्तकात या गोलांना कवच म्हणतात.

सोडियम नावाच्या मूलद्रव्याकडे अकरा इलेक्ट्रॉन आहेत. मांडून बघा. आत दोन, मग आठ, झाले दहा. उरला एक. तो बाहेरच्या गोलात एकटाच पडला.

आता शेजारी दुसरी रांगोळी काढा, क्लोरीनची. त्याच्याकडे सतरा. आत दोन, मग आठ, बाहेर सात. आठाला एक कमी.

अणूचं बाहेरचं कवच भरलं की तो शांत असतो. निऑन आणि अरगॉन या वायूंची बाहेरची कवचं मुळातच भरलेली असतात, म्हणून ते सहसा कुणाशी जोडले जात नाहीत. बाकीच्यांना कुणाशी तरी जोडल्याशिवाय ही स्थिरता मिळत नाही. आणि जोडून घ्यायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक मिठाची, दुसरी साखरेची.

मीठ: एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं

समोरच्या दोन रांगोळ्या बघा. सोडियमकडे एक दाणा जास्त, क्लोरीनकडे एक कमी. काय करायचं ते आपल्यातली पहिलीतली पोरसुद्धा सांगेल. सोडियमचा एकटा दाणा उचला आणि क्लोरीनच्या बाहेरच्या गोलात ठेवा. सोडियमचा बाहेरचा गोल रिकामा झाला, आतला आठाचा भरलेला गोल आता त्याचा बाहेरचा झाला. क्लोरीनचेही आठ पुरे झाले. दोघांचं काम झालं.

हे गटातल्या कर्जासारखं नाही बरं का. इथे परतफेड नाही. दाणा गेला तो गेला.

मग दिल्या-घेतल्यावर दोघं आपापल्या वाटेनं का जात नाहीत? इलेक्ट्रॉनवर ऋण विद्युतभार असतो आणि केंद्रकात तितकाच धन भार. एरवी दोन्ही सारखे, म्हणून अणू तटस्थ. सोडियमनं एक इलेक्ट्रॉन दिला, त्याच्याकडे धन भार जास्त झाला. क्लोरीननं एक घेतला, त्याच्याकडे ऋण भार जास्त झाला. असा भार आलेल्या अणूला आयन म्हणतात. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात. कोरड्या केसांतून प्लास्टिकची फणी फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेली की कपटे उडून फणीला चिकटतात, ती ओढ या विद्युतभाराचीच. आयनांमधली ओढ फार जबर असते. या जोडणीला म्हणतात आयनिक बंध.

आणि इथे एक गंमत आहे. मिठात एक सोडियम आणि एक क्लोरीन अशी नवरा-बायकोची जोडी नसते. प्रत्येक सोडियमला सहा बाजूंनी सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनला सहा बाजूंनी सहा सोडियम. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके ओळीनं असतात ना, तसे हे आयन उभे, आडवे आणि वर-खाली रचलेले असतात. म्हणून तर मिठाचा दाणा भिंगाखाली चौकोनी पेटीसारखा दिसतो. चिमटीतला मिठाचा एक दाणा भिंगातून बघा, मुलांनाही दाखवा.

आता हे दोघं एकेकटे कसे असतात ते ऐका. सोडियम हा सुरीनं कापता येईल इतका मऊ धातू. पण पाण्यात पडला तर पेट घेतो, म्हणून प्रयोगशाळेत तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा पिवळट हिरवा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात 1915 साली तो सैनिकांवर सोडला होता. असे हे दोन जहाल. पण देवघेव झाली की दोघांचं होतं आपल्या ताटातलं मीठ. संयुग झालं की मूळच्या मूलद्रव्यांचा गुण राहत नाही, नवीनच गुण येतो. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

जाता जाता एक सावधगिरी. पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरचा वास ओळखीचा आहे ना? त्यात क्लोरीन संयुगाच्या रूपात असतं, पाण्यातले जंतू मारतं. पण ही पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड कधी एकत्र करू नका. दोन्ही मिळाले की तोच विषारी वायू मोकळा होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

साखर: सावडीनं जमलेली जोडी

आता दुसरी तऱ्हा. आपल्याकडे जुनी माणसं सांगतात, एका घरी एकच बैल, शेजारच्या घरीही एकच बैल. नांगराला तर जोडी लागते. मग सावड करायची. दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे, आज तुझं रान, उद्या माझं. बैल कुणी कुणाला विकला नाही, दान दिला नाही. जोडी दोघांची. आणि जोवर दोघांना नांगरायचं आहे, तोवर दोघंही एकमेकांना धरून.

अणूंचंही असंच असतं. पाण्यापासून सुरुवात करू. हायड्रोजनच्या अणूकडे एकच इलेक्ट्रॉन. त्याला एकच गोल, त्यात दोन मावतात, म्हणजे एक कमी. ऑक्सिजनकडे आठ इलेक्ट्रॉन: आत दोन, बाहेर सहा. आठाला दोन कमी. इथे दोघांनाही हवंच आहे, मग कोण कुणाला देणार? म्हणून सावड. एका हायड्रोजननं आपला एक इलेक्ट्रॉन जुंपला, ऑक्सिजननं आपला एक जुंपला, झाली जोडी. ती जोडी दोघांच्याही हिशेबात धरली जाते. ऑक्सिजनला अजून एक हवा, म्हणून दुसऱ्या हायड्रोजनशी दुसरी सावड. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. हे झालं पाणी. पोरं शाळेत 'एच टू ओ' म्हणतात ते हेच. अशा भागीदारीच्या जोडणीला म्हणतात सहसंयुज बंध, आणि अशा जोडलेल्या अणूंच्या गटाला रेणू.

साखरही सावडीचीच, पण कुटुंब मोठं. साखरेच्या एका रेणूत बारा कार्बन, बावीस हायड्रोजन आणि अकरा ऑक्सिजन, एकूण पंचेचाळीस अणू. यात कर्ता कार्बन. त्याच्या बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन, म्हणजे चार हवेत. तो चार सावडी करू शकतो, दुसऱ्या कार्बनशीसुद्धा. म्हणून कार्बनच्या लांबच लांब माळा होतात. साखर, पीठ, तेल, कापूस, आपलं अंग, सगळीकडे या माळा आहेत. उसाचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळातून आलेलं पाणी घेतं आणि उन्हाच्या बळावर त्यांतून साखर बनवतं. मीठ मात्र कुणी पिकवत नाही. पेण-उरणच्या मिठागरांत समुद्राचं पाणी उन्हात आटतं, आणि पाण्यात सुटे फिरणारे आयन पुन्हा रांगेत येऊन बसतात.

चुलीवरची परीक्षा

दोन्ही पांढरे दाणे, दोन्ही पाण्यात विरघळतात. पण बंध वेगळे, म्हणून वागणं वेगळं. हे तुम्ही रोज बघता.

कढईत साखर टाकली की वितळते, पिवळी होते, तांबूस होते, लक्ष नाही दिलं तर काळी ठिक्कर पडते. तापल्यावर साखरेच्या रेणूतल्या सावडी मोडतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याची वाफ होऊन जातात आणि मागे राहतो तो काळा कार्बन, म्हणजे कोळसाच.

आणि मीठ? कढईत मीठ तापवून त्यात शेंगदाणे भाजतो आपण. दाणे खरपूस होतात, मीठ तसंच्या तसं. पुढच्या वेळी पुन्हा तेच वापरतो. मीठ वितळायला सुमारे 800 अंश सेल्सिअस लागतं, आपली चूल त्या कढईला तिथवर नेत नाही. चारी बाजूंनी ओढून धरलेले आयन सैल करायला तेवढी उष्णता लागते. साखरेचे रेणू आतून घट्ट असले तरी एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड तेवढी घट्ट नाही, म्हणून साखर 200 अंशांच्या आतच वितळते.

कुणी विचारेल, दृष्ट काढून मीठ-मोहरी चुलीत टाकली की मीठ तडतडतं, ते काय? खडे मिठाच्या खड्यात पाण्याचा अंश अडकलेला असतो. तापल्यावर त्याची वाफ होते आणि खडा फोडून बाहेर पडते. जितका अंश जास्त, तितकी तडतड जास्त. कुणाची नजर किती लागली त्याचा तो हिशेब नाही.

पाण्यात गेल्यावर काय होतं?

आता खरी गोष्ट. दोन पेले पाणी घ्या. एकात मीठ, एकात साखर ढवळा. दोन्ही दिसेनाशी झाली. पण आत वेगवेगळं घडलं.

पाण्याच्या रेणूतली सावड अगदी समसमान नसते. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांची जोडी आपल्याकडे जरा जास्त ओढून धरतो. म्हणून पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन असते. मीठ पाण्यात पडलं की पाण्याचे रेणू सोडियमला एकीकडून आणि क्लोरीनला दुसरीकडून घेरतात आणि रांगेतून ओढून काढतात. मिठाच्या पाण्यात मीठ म्हणून काही उरत नाही, सोडियमचे आयन वेगळे आणि क्लोरीनचे वेगळे फिरत असतात. साखरेचं तसं नाही. तिचे रेणू एकमेकांपासून सुटे होतात, पण प्रत्येक रेणूतले पंचेचाळीस अणू एकत्रच राहतात. कुटुंब फुटत नाही.

याचा पुरावा बघायचा आहे? टॉर्चचे चार सेल ओळीनं जोडा, त्याला एक छोटा एलईडी दिवा जोडा आणि तारेची दोन मोकळी टोकं पाण्यात जवळजवळ बुडवा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. एलईडीची लांब तार सेलच्या अधिकच्या बाजूला असू द्या. साखरेच्या पाण्यात दिवा लागत नाही. मिठाच्या पाण्यात लागतो, कारण भार असलेले आयन पाण्यातून वीज वाहून नेतात. क्षणभर बघा, टोकं काढा, ते पाणी ओतून द्या. हा प्रयोग फक्त सेलवर करायचा. घरातल्या विजेच्या बोर्डाजवळ पाणी न्यायचंच नाही.

का, ते आता तुम्हीच सांगाल. आपल्या विहिरीचं, बोअरचं पाणी नुसतं पाणी नसतं. जमिनीतले क्षार त्यात विरघळलेले असतात, म्हणजे आयन. आपला घामही खारट, त्यातही आयन. म्हणून ओल्या हातानं मोटारीचा स्टार्टर दाबायचा नाही, घामेजल्या अंगानं उघड्या वायरीला हात लावायचा नाही. थोरली माणसं रागावून सांगतात त्यामागे हे कारण आहे. कारण कळलं की नियम लक्षात राहतो.

आतड्याच्या दाराशी

आता परत त्या बाळाकडे येऊ. जुलाबात लेकराच्या अंगातून पाणी जातं, आणि पाण्याबरोबर सोडियमसारखे क्षारही जातात. नुसतं पाणी पाजलं तर गेलेले क्षार भरून येत नाहीत. मग पहिल्या आजीचं साखरेचं पाणी का पुरलं नसतं? कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की काय होतं? पाणी सुटतं. मिठानंही सुटतं, लोणचं घालताना बघतोच. दाट साखरपाणी आतड्यात गेलं की तेही अंगातलं पाणी आतड्यात ओढून आणतं आणि जुलाब वाढतात. दुसऱ्या आजीची भीती इथे खरी होती. पण जुलाब चालू असताना आतडं नुसतं मीठही नीट शोषू शकत नाही. आणि मीठ जास्त झालं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढतं, ते मेंदूला घातक. पहिल्या आजीची भीतीही खरी होती.

मग दोन्ही मिळून काय होतं? आतड्याच्या आतल्या अस्तरात बारीक-बारीक दारं असतात. त्यांतलं एक दार असं आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज बरोबरीनंच आत जातात. दोन सोडियम आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असा तो हिशेब. ग्लुकोज म्हणजे साखरेचाच एक भाग. आपण खाल्लेल्या साखरेचे आतड्यात दोन तुकडे होतात, त्यांतला एक ग्लुकोज. सोडियमला ग्लुकोजची सोबत मिळाली की दार उघडतं, दोघं आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही अंगात शिरतं. जुलाब कितीही झाले तरी हे दार बहुतेक वेळा चालू राहतं. ओआरएसचं सगळं बळ या एका दारात आहे.

बघा कसं जुळलं आहे. मिठाची देवघेव झालेली असते, म्हणून पाण्यात सोडियम सुटा मिळतो. साखरेतली सावड टिकून असते, म्हणून ग्लुकोजचा रेणू अख्खा मिळतो. दारातून जायला एक सुटा आयन हवा आणि एक अख्खा रेणू हवा. दोन आजींची दोन मतं एका पेल्यात आली तेव्हाच बाळाला गुण आला.

सोडियम आणि ग्लुकोज असे जोडीनं जातात हे शास्त्रज्ञांनी 1960 च्या सुमारास ओळखलं. त्याची मोठी परीक्षा झाली ती आपल्याच देशात. 1971 साली बांगलादेशाच्या लढाईत लाखो माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आली. बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळलं, ते पाणी पिंपांत भरलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. आधी शंभरातली तीसएक माणसं दगावत होती. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. 2022 साली डॉक्टर गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पुढे बांगलादेशात 1980 पासून दहा वर्षं 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ ठरलेल्या पाण्यात कसं कालवायचं हे त्यांनी एक कोटीहून जास्त घरांतल्या आयांना शिकवलं. नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत. आईनं स्वतः करून दाखवलं पाहिजे, आणि नंतर तपासायला कुणी आलं तर तिला ते आठवलंही पाहिजे. जितकं आयांच्या लक्षात राहिलं, त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरायचा. आपल्या गटांनी घ्यावी अशी ही रीत आहे.

तर मग करायचं काय?

आता कागद-पेन्सिल घ्या. गटात हे दोनदा वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, ओआरएसचं पाकीट घरात आणून ठेवा. आशाताईंकडे, अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात मिळतं. त्यात पोटॅशियमसारखे आणखीही क्षार असतात, ते घरच्या पाण्यात नसतात. म्हणून पाकीट असेल तर पाकीटच. पाकिटावर किती पाणी लिहिलं आहे ते वाचा, तेवढंच घ्या. एक लिटरचं पाकीट अर्धं-अर्धं करून पेल्यात कालवू नका. प्रमाण चुकलं की दाराचा हिशेब चुकतो.

दुसरी गोष्ट, पाकीट नसेल तेव्हा घरी करायचं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी. चहाचे सहा सपाट चमचे साखर. अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग नको, वरून बोटानं सपाट करायचा. पाजण्याआधी स्वतः चव घ्या. आसवांपेक्षा खारट लागलं तर ते फेकून द्या आणि नव्यानं करा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

तिसरी गोष्ट, प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. चमच्या-चमच्यानं, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका. आशाताई झिंकच्या गोळ्या देतील, त्या चौदा दिवस पुऱ्या करा, जुलाब थांबले तरी.

चौथी गोष्ट, डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं, पीतच नाही, शौचात रक्त दिसलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच मागे गेली नाही, तर वाट बघू नका. वाटेत पाणी पाजत-पाजत दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर जुलाब सुरू होताच दाखवा.

त्या घरातल्या दोन्ही आजी आता आमच्या बैठकीला येतात. परवा त्यांनीच सगळ्यांसमोर एक लिटर पाणी मोजून हे करून दाखवलं. साखर मोजायला एक, मीठ सपाट करायला दुसरी. एकीनं चव घेतली आणि म्हणाली, "झालं बरोबर." दुसरीनंही चव घेतली, मगच मान हलवली.

तुमच्याही पुढच्या बैठकीत हिशेब मांडून झाला की दहा मिनिटं काढा. ज्वारीचे दाणे मांडून मुलींना मिठाची देवघेव आणि पाण्याची सावड दाखवा. आणि प्रत्येकीकडून एकदा तरी हे पाणी करून घ्या, विशेषतः नव्यानं आई झालेल्यांकडून. रात्री ओढ्याला पाणी असेल तेव्हा आठवत बसायला वेळ नसतो. हाताला सवय असली पाहिजे.

बरंय मैत्रिणींनो. चिमटीतलं मीठ डब्यात टाका आणि साखर तोंडात. पुढच्या वेळी पुन्हा भेटू.